पाड्यांवरच्या दिव्यांगांसाठी गावातल्या गावात काय करता येईल? (ता. सुरगाणा, जि. नाशिक)

प्रश्न : पाड्यावरची सदस्या

सर्वांना नमस्कार. मी सुरगाणा तालुक्यातील एका ग्रुप ग्रामपंचायतीची सदस्या आहे. आमच्याकडे मूळ गाव आणि चार पाडे आहेत. सर्वांत लांबच्या पाड्यावर जाताना शेवटचा दीड किलोमीटरचा चढ पायीच चढावा लागतो आणि पावसाळ्यात ओहोळ भरला की तीही वाट बंद होते. प्रश्न दिव्यांग व्यक्तींविषयी आहे आणि तो जरा सविस्तर मांडते, कारण अर्धवट माहितीवर मिळालेला सल्ला आमच्याकडच्या चढउतारांवर टिकत नाही, हे आजवर पुष्कळदा पाहिले आहे.

ग्रामपंचायतीच्या यादीत दिव्यांगांची सहा नावे होती. या वर्षी आशाताई, अंगणवाडीताई आणि मी अशा तिघींनी घरोघरी जाऊन पाहिले, तेव्हा ती सतरा झाली. नव्याने कळलेल्यांपैकी चौघे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेलही आहे, हे आम्हा तिघींनाही ठाऊक नव्हते. एक नऊ वर्षांची मुलगी ‘मुकी’ म्हणून घरीच राहिली होती. तिला ऐकू येते की नाही, हे आजवर कोणी तपासलेच नव्हते. एका घरात तर ‘आमच्याकडे तसे कोणी नाही’ असे उत्तर मिळाले आणि आम्ही पायरी उतरत असताना आतल्या अंधारातून कोणीतरी पाणी मागितले.

दोन जणांविषयी विशेष सांगायचे आहे. पहिला सव्वीस वर्षांचा तरुण. बारावी झालेला. चार वर्षांपूर्वी आंब्यावरून पडला आणि कमरेखालची जाणीव गेली. तालुक्याच्या शिबिरात त्याला हाताने चालवायची तीनचाकी सायकल मिळाली, हार घालून छायाचित्रही निघाले. ती सायकल आमच्या चढावर चढत नाही आणि उतारावर थांबत नाही. आता त्याच्या भावजया हातपंपापासून घरापर्यंतच्या सपाट वाटेवर तिच्यावरून पाण्याचे ड्रम आणतात. दुसरा पाच वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी असलेला, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसलेला. त्याला मिळालेली चाकांची खुर्ची एवढी मोठी आहे, की तो तीतून खाली घसरतो. म्हणून दिवसभर त्याला नागलीच्या पोत्याला टेकवून ठेवतात, आणि आजी मांडीवर आडवा घेऊन भरवते तेव्हा रोज ठसका लागतो. नाशिकच्या एका रुग्णालयात त्याला आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी आणायला सांगितले होते. दोन खेपा झाल्या. जाण्यायेण्यात पूर्ण दिवस, दोघांची मजुरी आणि भाडे गेल्यावर तिसरी खेप झाली नाही.

ग्रामपंचायतीच्या पाच टक्के दिव्यांग निधीतून गेल्या वर्षी सर्वांना सारखी रक्कम वाटली. कोणी तक्रार केली नाही, परंतु एकेकाच्या हाती जे आले त्यात महिन्याचे तेलमीठही झाले नसते.

एका प्रशिक्षणात ‘समुदाय-आधारित पुनर्वसन’ हा शब्द ऐकला. ऐकायला बरा वाटला, पण गावात नेमके कोणी काय करायचे, हे तिथे कोणी सांगितले नाही. शिकलेला तज्ज्ञ नसताना आम्ही एखाद्याचे हातपाय हलवणे धोक्याचे ठरणार नाही का? पैसा कोठून काढावा? आणि सतरा जणांपैकी सुरुवात कोणापासून करावी?

उत्तर १ : नाशिकची फिजिओ

ताई, ‘आठवड्यातून दोनदा आणा’ हे वाक्य मीही कित्येक वर्षे पालकांना सांगत आले आहे, आणि जे येत नसत त्यांच्या कागदावर ‘पालकांचे सहकार्य नाही’ असा शेराही मारत आले आहे. पेठ तालुक्यातील अशाच एका घरी एकदा प्रत्यक्ष जाण्याचा योग आला, तेव्हा मी दवाखान्यातल्या टेबलावर शिकवलेला व्यायाम करायला त्या घरात टेबल सोडाच, मुलाला निजवता येईल एवढी कोरडी, सपाट जागाही पावसाळ्यात नसते, हे दिसले. त्यानंतर तो शेरा मारणे मी बंद केले.

तुम्ही ऐकलेल्या शब्दाचा उगम अशाच अडचणीत आहे. १९७८मध्ये अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यानंतरच्या वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेने असा विचार पुढे आणला की तज्ज्ञ आणि रुग्णालये शहरांत राहणार असतील, तर त्यांच्याकडील साधी, रोज करण्याजोगी कौशल्ये घरातल्या आणि गावातल्या माणसांच्या हाती द्यावीत. त्यासाठी १९८९मध्ये सचित्र प्रशिक्षण पुस्तिका निघाल्या. पुढे केवळ हातपाय हलवून माणूस उभा राहत नाही, त्याला शाळा, रोजगार आणि चारचौघांत जागाही लागते, हे ध्यानात येत गेले. २०१०च्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण अशा पाच अंगांची मांडणी झाली, ती या अनुभवातून. आपल्याकडे २०११च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहतात. फिजिओथेरपिस्ट मात्र आम्ही बहुतेक जण शहरांतच आहोत. इतिहास एवढा पुरे.

आता त्या मुलाकडे वळू, कारण ठसक्याला मी सर्वांत आधी हात घालीन. आडवे घेऊन, मान मागे टाकून भरवले की घास श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका वाढतो आणि अशा मुलांना वारंवार न्यूमोनिया होतो तो यामुळेच. आजीला उद्याच सांगा : मुलाला शक्य तितके उभे बसवायचे, हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली ठेवायची, चमचा वरून न आणता समोरून आणि थोडा खालून न्यायचा, आणि एक घास गिळून झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पदार्थ त्याला सहज गिळता येईल. नागलीची पेज जरा घट्ट करा. तरीही ठसका कमी झाला नाही, वजन घटू लागले किंवा ताप वरचेवर आला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावेच लागेल.

बसण्यासाठी कोपऱ्याची खुर्ची करून घ्या. दोन फळ्या काटकोनात जोडून पाठीला आणि दोन्ही खांद्यांना आधार, खाली बैठक, पायांमध्ये कापड गुंडाळलेला एक खुंट आणि पुढे जेवणाची फळी, एवढीच तिची रचना. गावचा सुतार ती अर्ध्या दिवसात करील, पण माप मुलाचे घ्या. बैठकीची लांबी पार्श्वभागापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, त्याहून दोन बोटे कमी. तळवे टेकले पाहिजेत. शिबिरातली खुर्ची फेकू नका. बाजूंना घट्ट घोंगडीच्या वळकट्या आणि पायांखाली फळी घालून ती वर्षभर तरी कामी येईल.

व्यायामाच्या धोक्याविषयी तुमची शंका रास्त आहे. ताठलेला स्नायू जोर लावून ओढायचा नाही, दुखत असताना काही करायचे नाही, आणि झटके येत असतील तर आधी औषधोपचार. या तीन मर्यादा सांभाळल्या, तर बहुतेक गोष्टी व्यायाम म्हणून वेगळ्या कराव्याच लागत नाहीत. उदाहरणार्थ, या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर त्याला कडेवर पाय फाकवून घेणे हाच उत्तम ताण आहे आणि आपल्याकडच्या आयाबाया मुले तशीच घेतात. पाच वर्षांचा झाला म्हणून आता त्याला लहान बाळासारखा आडवा उचलत असाल, तर ते तेवढे बदला. अंगणात बांबूच्या दोन समांतर दांड्या त्याच्या कमरेच्या उंचीवर रोवता येतील. त्या कधी रोवायच्या, हे मात्र त्याला एकदा पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

त्या तरुणाबाबत माझी खरी काळजी जखमांची आहे. जाणीव नसलेल्या जागी बिछान्याचा दाब पडून होणारी जखम हाडापर्यंत जाते आणि तीतून जंतुसंसर्ग होऊन अशी माणसे दगावतात. झोपेत दर दोन तासांनी कूस बदलणे, बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलणे, आणि रोज आरशात माकडहाडाची जागा व टाचा तपासणे, हे त्याला कोणी शिकवले आहे का, ते विचारा. लाल झालेली जागा अर्ध्या तासात पूर्ववत झाली नाही, तर तिच्यावरचा भार पूर्ण काढायचा.

‘मुकी’ म्हणून घरी राहिलेल्या मुलीची ऐकण्याची तपासणी लांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, पण ती शाळेत नसल्याने त्यांच्या नजरेतून सुटली असेल. पथक येईल त्या दिवशी तिला शाळेत नेऊन बसवा.

उत्तर २ : गिरणीवाला, निफाड

फिजिओताईंनी सांगितलेले सर्व योग्य आहे आणि तरीही माझे मत थोडे निराळे पडते. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला आणि मार्च २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे आमची ही जात आता संपत आली आहे, याचा मला आनंदच आहे. परंतु पन्नास वर्षे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा लोखंडी सांगाडा, बांधून फिरल्यावर जे कळते ते सांगितले पाहिजे.

माझ्या लहानपणी कॅलिपर मोडला की तो दुरुस्तीला मुंबईला जाई आणि तीन-तीन महिने मी घरात रांगत असे. एकदा वडिलांनी कंटाळून तो पिंपळगावला ट्रॅक्टरची कामे करणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे नेला. त्याने गुडघ्याचा सांधा एका दुपारी जोडून दिला आणि बाजारातल्या चांभारकाकांनी पट्टा शिवला. त्यानंतर माझी शाळा बुडाली नाही. समुदाय-आधारित पुनर्वसन हा शब्द त्या दोघांनीही ऐकला नसणार. तुमच्या पंचक्रोशीत वेल्डिंग, सुतारकाम, सायकल दुरुस्ती आणि शिवणकाम करणारे कोण आहेत, याची यादी दिव्यांगांच्या यादीशेजारी ठेवा, ही माझी पहिली सूचना.

दुसरी सूचना जरा टोचेल. तुमच्या संदेशात सतरा जणांविषयी पुष्कळ आहे, पण त्या सतरांपैकी कोणी काय मागितले, याचा उल्लेख नाही. आशाताई, अंगणवाडीताई आणि सदस्या अशा तिघी मिळून ठरवणार आणि सतरा जण घेणार, असे होऊ लागले तर ते शिबिराचेच लहान रूप होईल, फक्त हार नसेल. आम्ही तीन गावांतल्या नऊ जणांनी बारा वर्षांपूर्वी बचत गट केला. पहिल्या बैठकीत आम्हाला वाटले होते की कर्ज, सायकली, अनुदान असे काही निघेल. निघाले ते असे, की ग्रामसभा वरच्या मजल्यावरच्या सभागृहात भरते आणि नऊपैकी पाच जणांना तो जिनाच चढता येत नाही. आम्ही लेखी अर्ज दिला. पुढची ग्रामसभा खाली मारुतीच्या पारावर भरली. त्या दिवशी गावाने आम्हाला ‘बिचारे’ म्हणण्याऐवजी ‘कटकटे’ म्हणायला सुरुवात केली आणि माझ्या मते आमची खरी प्रगती तिथून झाली. गिरणीचे कर्ज नंतर मिळाले, तेही गटाच्या जामिनावर.

हा काही आमचा शोध नव्हे. मेक्सिकोतील आहोया या डोंगरी खेड्यात १९८१पासून प्रोजिमो नावाचा उपक्रम स्वतः अपंग असलेल्या खेडुतांनीच चालवला. व्हीलचेअर तेच बनवत आणि नव्याने आलेल्यांना तेच शिकवत. शेजारच्या कर्नाटकात प्रत्येक ग्रामपंचायतीला मानधनावर एक ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता देण्याची सरकारी योजना आहे आणि हे काम दिव्यांग व्यक्तींकडेच सोपवले जाते. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेने २०२१मध्ये सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून तयार होणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात.

तुमच्याकडे बारावी झालेला, सव्वीस वर्षांचा, स्वतः या सगळ्यातून गेलेला तरुण बसून आहे. कार्यकर्ता आणखी कोठे शोधता आहात?

उत्तर ३ : निवृत्त विस्तार अधिकारी

पैशाविषयी कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. आमच्या काळात ग्रामपंचायतींचे दफ्तर तपासताना हा घोटाळा नेहमी दिसे, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो : तुमच्या गावात ‘पाच टक्के’ दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत.

पहिले पाच टक्के म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायची रक्कम. पूर्वी ती तीन टक्के होती. अडचण अशी की सुरगाण्यासारख्या तालुक्यात स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि किरकोळ दाखल्यांचे शुल्क. त्याचे पाच टक्के काढले तर द्राक्षपट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीच्या चहापाण्याएवढे भरतात. ही रक्कम सतरा ठिकाणी सारखी वाटली की कोणालाच काही होत नाही, आणि वाटप मात्र झाल्याचे दप्तरी दिसते. हा निधी वैयक्तिक लाभासाठी वापरता येतो तसा सामूहिक कामासाठीही वापरता येतो. म्हणून सुताराची मजुरी, फळ्या, दुरुस्तीचे साहित्य आणि तपासणीला जाणाऱ्यांचे भाडे अशा गोष्टींसाठी त्याची तरतूद मासिक सभेत ठराव करून घ्यावी, असे मी सुचवीन.

दुसरे पाच टक्के पेसाचे, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्याचे आहेत. आदिवासी उपयोजनेतील हा अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी २०१५पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभा ठरवते. पायाभूत सुविधा, आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे विषय त्यात बसतात. हातपंपापासून पाड्याकडे जाणाऱ्या वाटेचे काँक्रीट, अंगणवाडीचा उतार, शाळेच्या शौचालयातील आधाराची दांडी ही कामे त्यातून होऊ शकतात. मात्र उतार बांधताना गवंड्याला माप लिहून द्या. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. गवंडी जागा वाचवायला चार फुटांत उतरवतो आणि मग त्या उतारावर गावातली पोरे घसरगुंडी खेळतात. अशा घसरगुंड्यांची बिले पास झालेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

प्रमाणपत्रांचे काम लगेच हाती घ्या, कारण पुढचे बहुतेक लाभ त्यावर अडतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र मिळते. चाळीस टक्क्यांच्या आत पांढरी पट्टी, चाळीस ते एकोणऐंशीपर्यंत पिवळी आणि त्यापुढे निळी. चाळीस टक्के किंवा अधिक असल्यास एसटीच्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आहे, संजय गांधी निराधार योजनेचा विचार होऊ शकतो, आणि शासनाच्या दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण कायद्याच्या सदतिसाव्या कलमाने दिले आहे. सिकलसेलबाबत एक लक्षात ठेवा. आजार असलेली व्यक्ती आणि केवळ वाहक असलेली व्यक्ती यांत फरक आहे. वाहकाला प्रमाणपत्र मिळत नाही. तेव्हा चौघांचे तपासणी अहवाल आधी नीट वाचून घ्या, नाहीतर त्यांची खेप फुकट जाईल.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तो अठरा वर्षांचा झाल्यावर कायदेशीर पालकत्वाची गरज पडली, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ते आत्ताच करायचे नाही. नोंद असू द्यावी.

उत्तर ४ : दिंडोरीची आई

सदस्याताई, माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे आणि त्यालाही सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणून लिहिते. फिजिओताईंनी आजीला सांगा, आईला सांगा असे लिहिले आहे, ते खोटे नाही. पण तुमच्याकडची माणसे दिवाळीनंतर आमच्या भागात द्राक्षांच्या छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येतात, तेव्हा आई सहा-सहा महिने मुलाजवळ नसते आणि आजीला गुडघ्यांमुळे स्वतःलाच उठवत नाही. अशा घराला आणखी पाच कामे सांगितली, तर ती माणसे मान डोलावतात आणि तुम्ही गेल्यावर रडतात. मी तशी रडले आहे. एका केंद्रात मला सर्वांसमोर विचारले होते, ‘घरी करून घेत नाही ना तुम्ही?’ त्यानंतर मी वर्षभर तिकडे फिरकले नाही.

आमच्याकडे फरक पडला तो शाळेतल्या चार मुलांमुळे. मुख्याध्यापकांनी त्याला पटावर घेतले, विशेष शिक्षक महिन्यातून येऊन जात, पण रोज त्याला घरून ढकलत नेणारी, मधल्या सुट्टीत खिचडी भरवणारी आणि त्याच्या ‘हो’साठी डोळे मिटायचे, ‘नाही’साठी जीभ काढायची, ही खूण ठरवणारी ही चार मुले होती. मला ती खूण त्यांच्याकडून शिकावी लागली. सात वर्षे मी त्याच्याशी बोलत होते, विचारत मात्र काही नव्हते.

सहा ते अठरा वयाच्या दिव्यांग मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यात आहे. तुमचा मुलगा पाचचा आहे, तेव्हा अंगणवाडीपासूनच सुरुवात करा. आणि त्या आजीला आठवड्यातून दोन दुपारी तरी कोणीतरी मोकळीक द्या. व्यायामाच्या आधी हे करा, एवढीच विनंती आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : पाड्यावरची सदस्या

सर्वांचे मनापासून आभार. महिनाभराने लिहिते आहे, कारण नुसते ‘धन्यवाद’ लिहिण्यापेक्षा काही करून लिहावे असे वाटले.

गिरणीवाल्या दादांचे म्हणणे टोचले आणि ते खरे होते. आम्ही पुन्हा सतरा घरी गेलो आणि या वेळी वहीत एकच रकाना ठेवला : ‘तुम्हाला काय करता आले पाहिजे?’ उत्तरे आमच्या अंदाजाबाहेरची निघाली. एका अंध आजोबांना डोळ्यांविषयी काही बोलायचेच नव्हते. त्यांना स्वतःच्या स्वतः शेतातल्या राखणीच्या माळ्यापर्यंत जायचे होते. त्यांच्या नातवाने घरापासून बांधापर्यंत कमरेच्या उंचीवर सुतळीची दोरी बांधली आहे आणि जिथे वळायचे तिथे गाठ मारली आहे. पांढऱ्या काठीच्या शिक्षणासाठी नाशिकला नॅब या अंधांसाठीच्या संस्थेत चौकशी करायची आहे, परंतु आजोबा म्हणतात की दोरी बरी आहे.

लहान मुलाची खुर्ची सुताराने केली. पहिली चुकली, कारण आम्ही मापात दोन बोटे कमी करायचे विसरलो, दुसरी बसली. घट्ट पेज सुरू केल्यापासून ठसका रोजचा राहिला नाही, आठवड्यातून एखाददुसरा लागतो. आजीच्या दोन दुपारींसाठी अंगणवाडीताईंनी त्याला अंगणवाडीतच घेतले आहे आणि तिथली मुले त्याच्या पुढच्या फळीवर खडे मांडून खेळतात. मुलीला पथकापुढे बसवले. ऐकण्याच्या पुढील तपासणीसाठी तिला जिल्हा रुग्णालयात पाठवायचे आहे. तिच्या व वडिलांच्या भाड्याचा ठराव झाला.

त्या तरुणाला कार्यकर्ता होशील का, असे विचारायला आम्ही तिघी मोठ्या उत्साहाने गेलो होतो. पेसाच्या आराखड्यात त्याच्या वाटेचे काँक्रीट घालायचेही मी मनाशी ठरवले होते. त्याने सर्व ऐकून घेतले आणि मग भावजया बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, ‘ताई, काम करीन. रस्ताही होऊ द्या. पण आधी मला संडासाला एकट्याने जाता आले पाहिजे. चार वर्षं भाऊ उचलून नेतो. तो कामाला गेला की मी दिवसभर पाणी पीत नाही.’

त्याचे शौचालय घरामागे आहे. दार अडीच फुटांचे, आत भारतीय पद्धतीचे भांडे, एक पायरी उंच. फिजिओताई, यात काय करता येईल?

नाशिकची फिजिओ

ताई, आधी त्याला सांगा की पाणी प्यायचे थांबवू नकोस. पाणी कमी झाले की लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि जाणीव नसल्यामुळे तो ताप चढेपर्यंत कळत नाही. मूत्रपिंडाचे नुकसान यातूनच होते. लघवी तो कशी करतो, नळी आहे की नाही, ती कधी बदलली, हे मला खासगी संदेशात कळवा. ते उघड्यावर विचारण्याजोगे नाही.

शौचालयासाठी तोडगा आहे. भांड्यावर ठेवता येईल अशी लाकडी किंवा लोखंडी चौकट करून घ्या, मध्ये भोक असलेल्या बैठकीची. बैठकीची उंची त्याच्यासाठी घ्यायच्या चाकाच्या खुर्चीच्या बैठकीएवढीच हवी, म्हणजे त्याला उचलावे लागणार नाही, फळीवरून सरकत जाता येईल. ती सरकफळी दोन फूट लांब, नऊ-दहा इंच रुंद आणि गुळगुळीत घासलेली असावी. डाव्या-उजव्या भिंतींना बैठकीपासून सहा-सात इंच उंचीवर आडवे पाइप पक्के बसवा. त्यांवर त्याचे पूर्ण वजन येणार आहे, म्हणून ते विटांत न अडकवता आरपार बोल्टने आवळा. पायरीच्या जागी उतार करा, विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या मापाचा.

तीनचाकी सायकल या दारातून जाणार नाही. साध्या अरुंद व्हीलचेअरची रुंदी चाकाच्या बाहेरच्या कडांपासून मोजून घ्या आणि मगच दाराला हात लावा. कधीकधी नुसते दार काढून पडदा लावला तरी दोन इंच मिळतात.

भोकाची कड कापड लावून मऊ करू नका, ते ओले राहते. कड गोल घासून तिला तेलरंगाचे दोन हात द्या. पहिले आठ दिवस त्याने तिच्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि उठल्यावर प्रत्येक वेळी आरशात पाहावे. मापे कळवली की मी चौकटीचे चित्र काढून पाठवते.